धुतलेली चकती

लाकडाच्या चुलींवर बंदी येणार म्हणून पालिकेतली हवा तपासणारी मुलगी घरोघरी एकेक पांढरी कापडी चकती टांगून गेली होती. चकती धुरानं काळी पडली, तर विजेची शेगडी फुकट मिळणार होती. आठवड्यानं ती एका काकूंकडे परत आली, तर भिंती काजळलेल्या आणि चकती मात्र पांढरीशुभ्र, वरून इस्त्रीही केलेली. “काकू, ही धुतलीत?” “मग! दुसऱ्याची वस्तू मळकी कशी परत करायची? तीनदा साबण लावला, तेव्हा कुठं काजळी निघाली.” मुलीनं कपाळाला हात लावला. “अहो, काळीच हवी होती ती! आता तुमच्याकडे धूरच नाही असं लिहावं लागेल.” काकूंचा चेहरा उतरला. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. तोंडाशी धरलेला रुमाल त्यांनी सवयीनं मुठीत लपवला. मग हळूच मूठ उघडली. “हा काळाच आहे, अजून धुतलेला नाही. चालेल?”