मागून नेलेली जाळी

शेजारच्या माळकरी मनकर्णाबाईंना भरिताची वांगी भाजायला जाळी हवी होती. म्हणून तूबाने अब्बांच्या कबाबच्या शेगडीवरची जाळी सोड्याच्या पाण्यात उकळली, तारेच्या घासणीने घासली आणि चरबीचा कणही उरला नाही हे पाहूनच त्यांच्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भिंतीपलीकडे पाहिलं, तर मनकर्णाबाई तीच जाळी राखेने खसाखसा घासत होत्या. वांगी तर अजून टोपलीतच होती.

तूबाला कळेना, आता त्या जाळीवरून काढण्यासारखं उरलंय काय? मग एक कारण सुचलं, आणि ते तिला बोचलं.

"मावशी, काही राह्यलं होतं का तिच्यावर?"

"नाही वं माय, आरशावानी होती."

"मंग काहून घासून राह्यल्या? आमच्या घरची हाय म्हणून?"

मनकर्णाबाईंनी दाराकडे पाहत आवाज खाली आणला.

"आमच्या बुढ्यानं काल माळ काढून ठेवली अन् हिच्यावर कोंबडी भाजली. ते बी सोताच कापलेली, हलाल नाही. आता तुह्या अम्मीले मी जाळी कोणत्या तोंडानं वापस देऊ?"