लग्नाआधीचं नाव

नेत्रावतीचा फोन आला तेव्हा रेवणसिद्ध खटकचिंचोळीतल्या घराच्या ओसरीवर तूर पाखडत बसला होता. पाखडणं त्याला अजून जमत नव्हतं. खडे सुपात राहत आणि तूर अंगणात पडे. त्यानं हात लुंगीला पुसले आणि फोन कानाला लावला.

"अप्पा, कान दिसायलाय तुमचा. तोंड दाखवा."

त्यानं फोन समोर धरला. लेक डब्लिनच्या एका बँकेत बसली होती. अंगात जाड कोट. टेबलापलीकडं एक गोरी बाई.

"जेवलाव का?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"ते राहू दे. तुझं काम बोल."

"खातं उघडायलेत. पंधरा दिवसांनी आज नंबर लागलाय. आज न्हाई झालं तर खोली जातीय, मालक रोख पैसे घेत न्हाई. सगळं लिहून झालंय, एकच राहिलंय. आईचं लग्नाआधीचं नाव इचारायलेत, आडनाव नसलं तरी चालतंय म्हणे."

"ते कामून?"

"खूण म्हणून. उद्या मी फोन केला तर बोलणारी मीच हाय का न्हाई, हे त्यावरून बघतेत. उमादेवीच लिहू न्हवं?"

व्हय म्हटलं असतं तर काम तिथंच संपलं असतं. गोरी बाई घड्याळाकडं बघत होती. रेवणसिद्धनं सुपातला एक खडा उचलला आणि बाहेर टाकला.

"चन्नव्वा," तो म्हणाला.

"अप्पा, ते आज्जीचं नाव हाय. आईचं इचारायलेत."

"आईचंबी तेच होतं."

नेत्रावतीनं फोन तोंडाजवळ आणला.

"सासूचं नाव सुनेला कसं चालंल? सुनेवर ओरडलं की सासूवर ओरडल्यागत. म्हणून अक्षता पडायच्या आदी बदललं. उमादेवी ठेवलं. तुझ्या आज्जीनंच ठेवलं."

"आई मला कधी बोलली न्हाई."

"मला बोलली होती."

"काय?"

"तुझी आज्जी गेली, त्याच्या पुढच्या साली. भाकऱ्या करायली होती. म्हणाली, आता तरी मला त्या नावानं हाक मारा की. मी म्हणलं, ह्या वयात? लोक हसतील."

"मग?"

"मग काय. ती जाईस्तोवर सव्वीस वर्षं नुसतं 'अगं' म्हणून भागलं."

पलीकडून गोरी बाई काहीतरी बोलली. नेत्रावतीनं मान हलवली आणि एक एक अक्षर सांगितलं. बाईनं ते टाइप केलं. मग तिनं ते नाव हळूच वाचून बघितलं, पुन्हा एकदा वाचलं आणि नेत्रावतीकडं बघून हसली.

"झालं, अप्पा. खातं झालं. ही म्हणायली, ह्ये नाव कुणाला सांगू नका."

"बरं."

"ठेवू का मग?"

"ठेव. थंडीत फिरू नको."

पण तिनं फोन ठेवला नाही. कोटाच्या बाहीनं नाक पुसलं.

"अप्पा, मी ते नाव आज्जीचं म्हणूनच ऐकलंय. आईचं म्हणून एकदा म्हणा की."

"येडी हाईस का? बँकेत बसलीस."

"हितं कुणाला कळतंय? एकदाच."

रेवणसिद्धनं गल्लीत बघितलं. दुपारचं कुणी नव्हतं. समोरच्या सावित्रम्माचं दार लावलेलं होतं. त्यानं सूप बाजूला ठेवलं आणि घसा साफ केला. मग तो स्वयंपाकघराच्या दाराकडं वळला.

"चन्नव्वा," त्यानं हाक मारली. आवाज बारीक निघाला. पाणी मागताना माणूस मारतो तशी त्यानं आणखी एकदा हाक मारली. "अगं चन्नव्वा!"

आत काही हाललं नाही. तो दाराकडंच तोंड करून बसला.

"अप्पा," बऱ्याच वेळानं हातातल्या फोनमधून लेक म्हणाली, "पुन्हा कानच दिसायलाय."