चादरींच्या घडीखाली

सहामाहीचे पेपर तपासायला घरी आणले, त्याच दिवशी सुनेने सासूबाईंच्या कानाच्या मशीनचे नवे सेल कपाटात चादरींच्या घडीखाली दडवले आणि ‘दुकानात मिळाले नाहीत’ असं कागदावर लिहून त्यांना दाखवलं. सासूबाईंनी मान डोलावली. मग तीन दिवस कसलं टुमणं नाही, कसल्या सूचना नाहीत. पेपर भराभर तपासून झाले, बहिणीशी फोनवर पोटभर गप्पाही झाल्या.

चौथ्या दिवशी मात्र संध्याकाळच्या प्रार्थनेला बसल्यावर तिचं मन तिला खाऊ लागलं. समोर सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना ऐकू जायची भीती नव्हती, म्हणून ती नेहमीसारखीच मोठ्याने म्हणाली, “प्रभू, मी खोटं बोलले. सेल घरातच आहेत. मला क्षमा कर. आमेन.”

तिला हायसं वाटलं. आता पाळी सासूबाईंची, म्हणून तिने त्यांच्या हाताला हात लावला.

“प्रभू, मलाही क्षमा कर,” सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “चादर बदलताना सेल मला दुसऱ्याच दिवशी सापडले. ते मशीनमध्ये घालून मी गप्प बसले, ही फोनवर मला काय काय नावं ठेवते ते ऐकायला. एक शब्द वाकडा बोलली नाही. आता चर्चमधल्या बायकांना मी इतकी वर्षं हिच्याबद्दल जे सांगत आले, ते कसं निस्तरायचं, तेवढं सुचव.”