उताराच्या अलीकडे

आमचा वाटाड्या टिकमराम याने बर्फात कमरेएवढा खड्डा खणला, काठावर फावडं ठेवलं आणि त्यावर हलकेच थोपटलं. तिसऱ्याच थापेला वरचा जाड थर सुटून खड्ड्यात पडला.

"आज या उतारावरून जायचं नाही," तो म्हणाला. "पाय पडला की सगळं खाली येईल."

पलीकडे काळा खडक दिसत होता. गेल्या वर्षी हिमस्खलनात गेलेल्या माझ्या बायकोला त्याच खडकापाशी बाहेर काढलं होतं. तिच्या ट्रेकिंग क्लबची मुलं मला तिथे फुलं वाहायला घेऊन आली होती.

"काका साताऱ्याहून आलेत," मृण्मयी टिकमरामला म्हणाली. "एकेक करून जाऊ ना." बाकीच्यांनी माना डोलावल्या. टिकमराम माझ्याकडे बघू लागला. मी हो म्हटलं असतं तर तो निघाला असता. नुसतं नको म्हटलं असतं तर मुलांनी माझी समजूत घातली असती.

मला जायचं होतं. पण मृण्मयी बुटांच्या नाड्या आवळायला लागली, आणि मी तिथेच बर्फात बसलो. "माझा गुडघा गेला," म्हणालो.

"काका, सकाळी तर आमच्या पुढे पळत होतात," इंद्रजित म्हणाला.

"म्हणूनच गेला."

तंबूपर्यंत मी लंगडत उतरलो. मृण्मयीने माझा डावा दंड धरला होता. अर्ध्या वाटेत मी चुकून दुसऱ्या पायाने लंगडायला लागलो. तिने फक्त बाजू बदलली.