प्रगतिपुस्तकातली ओळ

चाळीस मुलांच्या प्रगतिपुस्तकांतल्या नोंदी मोनिका मॅडमनी शिक्षकांच्या ग्रुपवर आलेल्या तयार यादीतून एका बैठकीत उतरवून काढल्या होत्या. महिनाभरानं सोयगावच्या बाजाराला निघालेला मेंढपाळ रामहरी वाटेत शाळेत आला. लेकीला जवळ घेऊन म्हणाला,

“मॅडम, ‘अंबिका गोड आवाजात गाणी म्हणते’ असं तुम्ही लिवलंय. घरी तर ही कधी म्हणली नाय. एकडाव म्हणायला लावा की, लई ऐकू वाटतंय.”

मॅडमना तिचा नुसता बोलण्याचा आवाजही आठवेना.

अंबिका हळूच त्यांच्या कानाशी लागली. “मॅडम, रोज मेंढरांमागं जाऊन म्हणून बघते मी. पण तुम्ही लिवलंय तसं गोड अजून येईना.”