फोटोपुरती

इन्चार्ज सिस्टरांचं दिवसभराचं प्रशिक्षण वरच्या हॉलमध्ये होतं. मागे कुणीतरी राहायला हवं, म्हणून चारही वॉर्ड त्यांच्यातल्या एकुलत्या एका परभाषिक इन्चार्जच्या गळ्यात मारले. तिला इथे अकरा वर्षं झाली, तरी सगळ्या तिला अजून ‘नवी’च म्हणतात.

चार वाजता मेट्रनबाईंचा फोन आला. “नवी, पाच मिनिटं वर ये गं. ग्रुप फोटो काढायचाय.”

हातातलं सलाइन लावून ती धापा टाकत पोचली. तिला मधोमध उभं केलं, हातात प्रमाणपत्र दिलं. फोटो निघाला तसं मेट्रनबाईंनी ते काढून घेतलं.

“मॅडम, प्रशिक्षण कशाचं होतं?”

“अगं, तुझ्यासारख्यांना आपल्यात सामावून कसं घ्यायचं, त्याचं. पळ आता, खाली वॉर्डात कुणी नाहीये!”