मालिशचा एक तास

थायलंडमधल्या चियांग माई शहरात बायकांच्या तुरुंगाला लागूनच मालिश केंद्र आहे. सुटका जवळ आलेल्या कैदी बायका तिथे पर्यटकांना मालिश करून देतात. त्या गोऱ्यांच्या रांगेत आज खेड्यातली एक म्हातारी बघून, नव्यानेच बदलून आलेली जेलशिपाई ओराथाई कोड्यात पडली. पाय दुखत असतील म्हणावं, तर बाई पायऱ्या तरातरा चढून आली होती.

"मावशी, तीन नंबरची मोकळी आहे. जा."

"मला प्लोयच हवी."

"अहो, तिला अजून दीड तास आहे! सगळ्यांचे हात सारखेच असतात."

"असू देत. मी बसते."

प्लोयचा एवढा बोलबाला कधी झाला, ते ओराथाईला काही कळेना.

दीड तासाने म्हातारी गादीवर बसली. प्लोयने रिवाजाप्रमाणे तिचे पाय धुतले, पुसले, हात जोडले आणि त्या पावलांवर डोकं टेकलं ते उचलेचना. एरवी ही पोरगी कामाला वाघ, आज हिला झालंय तरी काय? शेजारची गोरी बाईसुद्धा मान वर करून बघायला लागली.

"प्लोय, झोप लागली का? त्यांचा तास चाललाय!" ओराथाई खेकसली. "माफ करा हं मावशी, दुसरी देते."

"नको मॅडम, राहू दे तिला तशीच." म्हातारी प्लोयच्या केसांवरून हात फिरवत होती. "तिकडे भेटीच्या खोलीत आमच्यामध्ये काच असते."